कुंडीतलं लिंबू पिवळं पडलं तर



गटाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, माझ्या हाताला लिंबू लागतच नाही." मीही पूर्वी असंच म्हणायची. पहिलं लिंबू मी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं होतं. शेतातली काळी माती भरली आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागले. पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं, झाड तहानलंय. मग संध्याकाळीही पाणी सुरू केलं. झाड वाळल्यावर उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली आणि मातीला कुजका वास. डब्याला खाली भोकच नव्हतं! दोष हाताला नव्हता, झाड पाण्यात गुदमरून मेलं होतं.

लिंबू, संत्रा, मोसंबी ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यांच्या मुळांना पाणी लागतं, तशी हवाही लागते. आपली काळी माती कुंडीत भरली की ओली असताना चिकट होते, वाळली की तडकते. म्हणून एक भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण करा. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, म्हणजे भोक बुजत नाही.

झाड आजारी दिसलं की लगेच खत घालू नका. आधी मातीत दोन पेरं बोट घाला. माती कोरडी लागली तर खालून पाणी निघेपर्यंत भरपूर द्या. माती ओली आहे आणि तरी पानं मलूल आहेत, तर मुळं कुजत असणार. झाड सावलीत अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं, चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते. अशी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, वरच्या फांद्याही थोड्या छाटा आणि झाड नव्या मिश्रणात लावा. पंधरा दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी येईपर्यंत खत नको, कारण दुखऱ्या मुळांना ते सोसत नाही.

माती ठीक असेल तर पानं बघा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर झाड बहुधा नत्राला भुकेलं आहे. त्याला गांडूळखत द्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणातच फवारा.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर नीट पाहा. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि लहान रोपाची पानं फस्त करते. ती हातानं वेचा. पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ ही नागअळीची. पानं चिकट झाली, मुंग्या लागल्या, काळी काजळी धरली, तर पानामागे मावा किंवा खवले कीड शोधा. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

आता खोड. आपल्याकडच्या संत्र्याच्या कलमात बहुधा जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेला असतो. त्या जोडाच्या खालून फूट आली तर ती जंबेरीची असते, लगेच काढून टाका. नाहीतर जंबेरी वाढते आणि संत्रा मागे पडतो. जोड मातीत गाडू नका. खोडातून डिंक गळत असेल तर तो डिंक्या रोग. पाणी खोडाला लागू देऊ नका आणि फांदी घेऊन जाणकाराकडे जा. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे. गावातल्या कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यालाही विचारा.

नवतप्यात स्लॅबवरची कुंडी तव्यासारखी तापते. कुंडीखाली विटा ठेवा, मातीवर वाळला पाला पसरा आणि दुपारी सावली करा. एरवी या झाडाला पाच-सहा तास ऊन हवंच.

तर आज संध्याकाळी एवढंच करा. कुंडी कलती करून तळाचं भोक मोकळं आहे का बघा आणि मातीत बोट घाला. काय सापडलं ते पुढच्या बैठकीत सांगा. "हाताला लागत नाही" असं मात्र म्हणू नका.