पोपटाची चोच आणि भाईंदरची खारी हवा

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी बनतात, हे मुंबईच्या भांडीवाल्यांना सांगायला नको. पत्र्याची गोल चकती, म्हणजे कारागिरांचं सर्कल, प्रेसमध्ये दाबायची, कड वळवायची, बफिंग करून चकाकी आणायची, की वाटी तयार. अशा गावात पाळीव पक्ष्यांच्या दुकानात टांगलेले पिंजरे मात्र बहुतेक रंगीत, पावडर कोटिंगचे. स्टीलचा पिंजरा मागवून घ्यावा लागतो आणि त्याचा भाव ऐकला की गिऱ्हाईक विचारतं, रंग दिलेलाच आहे ना, मग जास्तीचे पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर थोडं पक्ष्याच्या चोचीत आहे आणि बरंचसं इथल्या हवेत.

आधी एक गोष्ट निकालात काढू. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला पोपट कुठल्याच पिंजऱ्यात ठेवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे, मग पिंजरा सोन्याचा का असेना. पुढचं सगळं बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींविषयी. त्यातही आफ्रिकन ग्रे २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि अशा पक्ष्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

आता चोच. अमेरिकेतल्या संशोधकांनी लव्हबर्डना उभ्या चढावर चढवून त्यांच्या पायांवर आणि चोचीवर येणारं बल मोजलं. २०२२मध्ये ते प्रसिद्ध झालं. चोच नुसता आधार देत नाही, पायांच्या तोडीचा जोर लावून अंग वर ओढते, असं त्यातून दिसलं. थोडक्यात, या पक्ष्यांना चढताना तीन पाय असतात. पिंजऱ्यात दिवसभर चढ-उतर करणारा पक्षी प्रत्येक वेळी गज चोचीत आवळतो. त्यात कंटाळा आला की कुरतडणं आलंच, आणि फ्लॅटमध्ये एकट्या ठेवलेल्या पक्ष्याला कंटाळ्याला तोटा नसतो.

पावडर कोटिंग म्हणजे ओला रंग नव्हे. इपॉक्सी किंवा पॉलिएस्टरची कोरडी भुकटी विद्युतभारित करून लोखंडावर फवारतात. भारामुळे ती चिकटून राहते. मग तो माल भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला ठेवला की भुकटी वितळून अखंड थर होतो. थराची जाडी बहुधा ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. नीट भाजलेला हा थर रासायनिकदृष्ट्या बराच निष्क्रिय असतो, म्हणून कोटिंग म्हणजे विष असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. त्याची खरी अडचण वेगळी आहे: एकदा टवका उडाला की तो थर स्वतःहून भरून येत नाही.

पुढे काय होतं ते मीरा-भाईंदरमध्ये कुणीही खिडकीच्या बॉक्स ग्रिलवर पाहू शकतं. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं आणि कांदळवनं. हवेत मीठ असतं आणि पावसाळ्यात ओलही. रंगाला केसाएवढी चीर पडली तरी खारं पाणी आत शिरतं, गंज रंगाखालून पसरतो आणि फुगा येऊन खपली निघते. पिंजऱ्यात याची सुरुवात ट्रेशेजारच्या आडव्या गजांवर होते, कारण विष्ठा तिथे चिकटते आणि ओल धरून ठेवते. त्यावर कुणी तारेचा घासा मारला की उरलेसुरले पापुद्रेही सुटतात. गॅलरीतल्या उन्हात इपॉक्सीचा थर तर नुसत्या प्रकाशानेही भुकटायला लागतो. पॉलिएस्टर त्या मानाने टिकतं.

गंजाची भीती जरा वाढवूनच सांगितली जाते. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि जस्त-शिशाइतका तो घातक नाही. काळजी करायची ती कोटिंगखाली जस्त असेल तर. लोखंड गंजू नये म्हणून बऱ्याच स्वस्त जाळ्यांना आधी जस्ताचा मुलामा देतात. वितळलेल्या जस्तात जाळी बुडवून काढली की जोडांवर जस्ताचे बारीक थेंब गोठून राहतात, आणि नेमके तेच पक्षी खुडून काढतो. चिकनवाल्याकडे कलेजीबरोबर मिळतो तो पेटा पोपटालाही असतो. धातूचा तुकडा तिथे अडकून राहतो, दळला जातो, आम्लात विरघळत जातो आणि जस्त दिवसेंदिवस रक्तात मिसळत राहतं. स्वादुपिंडाला इजा होते. नव्या जाळीत ठेवल्यावर पक्षी आजारी पडतात हे इतकं जुनं निरीक्षण आहे की पाश्चात्त्य पशुवैद्य त्याला नव्या तारेचा रोग म्हणतात. वाड्यांतल्या जुन्या पितळी पिंजऱ्यांचं कौतुक करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

शिशाचं काय? घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम केंद्राने २०१६मध्ये केला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. कारखान्यात फवारलेल्या पावडरला तो लागू आहे असं गृहीत धरू नये. विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागावा.

स्टेनलेस स्टीललाही कवच असतंच, फक्त ते कुणी फवारलेलं नसतं. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो. चोचीने तो खरवडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळताच पुन्हा बनतो. कोटिंगच्या हजारो पट पातळ असूनही म्हणूनच तो जास्त टिकतो.

पण कुठलं स्टील, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ३०४ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० मालिकेत महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. भांड्यांच्या बाजारात हे स्टील भरपूर चालतं आणि रोज घासून कोरड्या होणाऱ्या वाटीला ते पुरतं. खाऱ्या हवेत टांगलेल्या, कोपऱ्यांत ओल राहणाऱ्या पिंजऱ्याला पुरेल याची खात्री मी देणार नाही. मिठातला क्लोराइड क्रोमियमच्या थरात जागोजागी खड्डे पाडतो. त्याला तोंड द्यायला ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घालतात, पण घरात ठेवायच्या पिंजऱ्याला ३०४ बस्स आहे.

चुंबक लावून पारख करणारे खूप भेटतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असं मुळीच नाही; २०२लाही तो चिकटत नाही. उलट वाकवताना ताण बसलेलं अस्सल ३०४ कधी कधी किंचित ओढ दाखवतं. स्टीलवाले मँगनीज ओळखायला रसायनाचा थेंब टाकून रंग पाहतात, ती चाचणी जास्त भरवशाची. आणि वेल्डिंगचे जोड जवळून पाहा. उष्णतेने निळसर-तपकिरी झालेला भाग आम्लाने साफ केला नसेल तर गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

माझं मत विचाराल, तर बजरीगरांच्या जोडीसाठी चांगल्या कोटिंगचा पिंजरा चालेल. त्यांची चोच लहान, आयुष्य पाच-दहा वर्षांचं, टवके दिसू लागले की पिंजरा बदलता येतो. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि त्याची चोच गज वाकवू पाहते. त्याला कोटिंगचा पिंजरा घेणं म्हणजे तोच पिंजरा पुन्हा पुन्हा विकत घेणं. कॉकाटील आणि लव्हबर्ड मधल्या पट्टीत येतात. तिथे खिशाने ठरवावं, पण पिंजरा गॅलरीत राहणार असेल तर स्टीलच. आणि एवढं करून आत जस्ताची साखळी किंवा स्वस्त घंटा टांगली तर सगळं मुसळ केरात. पाण्याला मात्र इथलीच स्टीलची वाटी लावावी.

जस्तबाधेची लक्षणं फसवी असतात: सुस्ती, उलटी, वजन घटणं, हिरवट पातळ विष्ठा, कधी पिसं उपटणं. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पोटातला धातूचा तुकडा एक्स-रेमध्ये दिसतो. तो विरघळून गेला असेल तर रक्ततपासणी करावी लागते. धातू बांधून बाहेर काढणारी कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर पक्षी वाचू शकतो. डॉक्टरांकडे जाताना निघालेल्या कोटिंगचा पापुद्रा आणि कुरतडलेली साखळी सोबत न्यावी. कोणता धातू शोधायचा ते त्यावरून लवकर ठरतं.