भातखाचरांवरची डोंबिवली

शेजारच्या कल्याणला दुर्गाडी किल्ला आहे, अंबरनाथला अकराव्या शतकातलं शिवमंदिर आहे. डोंबिवलीकडे असं मिरवण्यासारखं काही नाही. तिचा इतिहास पाहायचा तर चोळे, ठाकुर्ली, पाथर्ली, आयरे, नांदिवली या गावांपासून सुरुवात करावी लागते. ही आगरी वस्तीची, भातशेतीची गावं. १८५४ साली आगगाडी ठाण्यापुढे कल्याणला पोचली, ती याच शिवारातून. पुढे १९२९च्या सुमारास पुण्याकडच्या विजेच्या गाड्यांसाठी रेल्वेने ठाकुर्लीला वीजघर उभारलं. ‘चोळा पॉवर हाऊस’ या त्याच्या नावात चोळेगाव आजही आहे. शहराची ओळख सांगताना ही मूळची गावं गाळली जातात, हे मला खटकतं.

गिरगाव-दादरला जागा परवडेना, तशी मुंबईतली नोकरदार मंडळी इथे बिऱ्हाड थाटू लागली. १९२४ साली गणेश मंदिर संस्थान उभं राहिलं आणि मंदिराजवळचा फडके रोड गावाचं अंगण झाला. दिवाळीच्या पहिल्या पहाटे इथे यावं. अभ्यंगस्नान उरकून, नव्या साड्या-झब्ब्यांत आलेली तरुण मुलं गणपतीचं दर्शन घेतात आणि रस्त्यावरच घोळक्याने गप्पा मारत उभी राहतात. नोकरीसाठी परगावी गेलेले शाळासोबतीही नेमके इथेच भेटतात. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आता गावोगाव निघतात, त्यांची सुरुवातही डोंबिवलीचीच.

लेखक पु. भा. भावे इथे राहिले. १९७७च्या पुणे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘गुंतता हृदय हे’ लिहिणारे शं. ना. नवरे २०१३ साली गेले, तोवर पक्के डोंबिवलीकर. चाळीतली, बेताच्या कमाईतली माणसं त्यांच्या कथांत इतकी खरी उतरली, कारण ती रोजच्या शेजारातली होती. क्रिकेटपटू अजिंक्य रहाणेही याच गावात वाढला.

फेब्रुवारी २०१७मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. संमेलननगरीला नाव भाव्यांचं होतं. मैदान आगरी समाजातले वारकरी संत सावळाराम महाराज यांच्या नावाच्या क्रीडासंकुलाचं. आणि यजमान होतं आगरी युथ फोरम.