सैल सोडण्याचं मोजमाप

आर्म वर उचलायचा आणि बोट काढून घ्यायचं. तो आपल्याच वजनाने पटकन खाली पडला तर पुढे जायचं. मध्येच अडकला, किंवा संकोचल्यासारखा हळूहळू उतरला, तर पिन काढायची, भोकातून रीमर एक-दोनदा फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. असे चार आर्म, चाकागणिक एक. एक-दशांश मापाची, चारही चाकांना ताकद जाणारी, विजेवर धावणारी रेसिंग बग्गी घरी जोडायला घेतली की पहिली संध्याकाळ यातच जाते. झटके झेलणारे शॉक अजून बसलेले नसतात, मोटर खोक्यात असते, आणि आपण जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचा तुकडा उचलून सोडत बसलेलो असतो. घरची माणसं बघून जातात, काही बोलत नाहीत.

लोक जिला 'रिमोटची गाडी' म्हणतात ती खोक्यातून गाडी म्हणूनच बाहेर येते. हिच्या खोक्यातून पिशव्या निघतात: बेअरिंग, शाफ्ट, गिअर, तीन मिलिमीटरचे ढीगभर स्क्रू, सिलिकॉन तेल आणि रंग न दिलेली पारदर्शक बॉडी, जी आतल्या बाजूने रंगवायची असते. मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी आणि पुष्कळदा टायरसुद्धा वेगळे घ्यावे लागतात. स्पर्धेच्या नियमाने तयार गाडी 1588 ग्रॅमपेक्षा हलकी चालत नाही (आकडा विचित्र दिसतो, कारण मुळात तो साडेतीन पौंडांचा आहे), आणि रुंदी 250 मिलिमीटरच्या आत लागते. शर्यत पाच मिनिटांची.

शेजारचे काका भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. ते एकदा डोकावले, आर्म दोनदा पाडून पाहिला आणि म्हणाले, "अरे, प्ले जास्त ठेवलायस." मी म्हटलं, "काका, मुद्दाम." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. घट्ट आणि नेमकं बसवण्यात ज्यांचा हात घडला, त्यांना हे पटवणं अवघडच. ही गाडी जोडताना आधी सगळं मोकळं करायचं असतं, आणि मग त्या मोकळेपणाला एकेका ठिकाणी तेलाने, स्प्रिंगने, रबराने मोजून आवर घालायचा असतो. एका गटातल्या मोटरी साधारण सारख्याच. दोन गाड्यांत फरक पडतो तो या आवर घालण्यात.

या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा 1985 साली कॅलिफोर्नियात डेल मार इथे झाली. फोर-व्हील गट गिल लोसी ज्युनिअरने जपानच्या योकोमोची गाडी घेऊन जिंकला. त्याच वर्षी टामियाची हॉटशॉट आली; तिला पुढे एक आणि मागे एक असे दोनच शॉक होते. चार चाकांपर्यंत ताकद न्यायची कशी, याचं उत्तर तेव्हा प्रत्येकाचं वेगळं होतं: कुणी साखळी लावे, कुणी शाफ्ट, कुणी दातेरी पट्टा. पट्ट्याच्या बाजूचा मोठा माणूस म्हणजे इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनचा सेसिल शूमाकर. कॉसवर्थ या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत काम केलेला हा इंजिनिअर. छोट्या गाड्यांसाठी बॉल डिफरन्शिअल आणला तो त्याने: गिअरऐवजी दोन चकत्यांमध्ये दाबून धरलेल्या पोलादी गोळ्या, आणि त्यांची पकड कमी-जास्त करायला एक स्क्रू. 1986 मध्ये त्याची कॅट आली. 1987 ची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्येच, रोम्सी इथे भरली, आणि फोर-व्हीलचं विजेतेपद मासामी हिरोसाका या जपानी पोराने ब्रिटिश कॅट चालवून नेलं. पुढे त्याच्या नावावर एकूण 14 जागतिक विजेतेपदं जमा झाली. जपानी गाडीवर अमेरिकन, ब्रिटिश गाडीवर जपानी: या खेळात देशाभिमान पहिल्यापासून जरा पातळच.

आजच्या बग्ग्यांत शाफ्ट जास्त दिसतो, आणि बॉल डिफची जागा तेल भरलेल्या गिअर डिफने घेतली आहे. बहुतेक गाड्यांत असे तीन डिफ असतात: पुढे, मागे आणि मधोमध. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला जावं लागतं, म्हणून दोघांना वेगवेगळं फिरू द्यायला डिफ हवा. पण तो अगदीच मोकळा असला तर जे चाक हवेत किंवा भुसभुशीत मातीवर असेल तेच सगळी ताकद पिऊन गरगरतं. म्हणून डिफच्या डबीत सिलिकॉन तेल भरतात. तेल जितकं दाट, तितके आतले गिअर स्वतंत्र फिरायला कुरकुरतात. दाटपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात: पुढे 7,000 च्या आसपास, मागे त्याहून थोडं पातळ, मध्ये 60,000 ते 1,00,000. दहा हजार म्हणजे साधारण मध. एक लाखाची बाटली उलटी धरून खुशाल चहा पिऊन घ्यावा. मध्ये एवढं दाट तेल लागतं, कारण थ्रॉटल दाबताच वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि पातळ तेल असेल तर ताकद त्यांच्याकडेच पळते. पुढच्या डिफचं तेल दाट केलं, तर वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं गाडीला छान ओढून नेतात, पण वळणात शिरताना तीच गाडी आढेवेढे घेते.

काही जण मधल्या डिफऐवजी स्लिपर क्लच लावतात. स्प्रिंगने दाबलेली ही घर्षणाची चकती झटका आला की क्षणभर घसरते आणि दात वाचवते. मी पहिल्यांदा ती कसून आवळली होती. एका उडीत माझा थ्रॉटल दाबलेलाच राहिला, गाडी उतरली, आणि मोटरकडून ताकद घेणाऱ्या मोठ्या स्पर गिअरचे दात खिसणीवरच्या खोबऱ्यासारखे चॅसिसवर पसरले. काकांना हे सांगितलं नाही.

शॉक हा माझा आवडता भाग. सिलिंडर उभा धरून तेल भरायचं, पिस्टन सावकाश वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि मग तो तसाच ठेवून दुसरं काही काम करायचं. घाईने झाकण लावलं तर आत हवा राहते आणि शॉक पचपच आवाज करतो. डाव्या-उजव्याची लांबी कॅलिपरने जुळवायची, आणि दाबून सोडल्यावर दोघे सारखेच वर येतात ना, ते बघायचं.

खरी गंमत पिस्टनमध्ये आहे. पिस्टन म्हणजे दोन-तीन भोकांची, नखाएवढी चकती. भोकं 1.6 मिलिमीटरची की 1.7 ची, यावर मोठी माणसं तासभर वाद घालतात, आणि ते बरोबरच आहे. बारीक भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि दाट तेल: बोटाने हळू दाबून पाहिलं तर दोन्ही जोड्या सारख्याच वाटतात. फरक कळतो उडीवरून उतरताना. लक्ष्मी रोडलगतच्या बोळातून माणसं एरवी आरामात निघतात. विसर्जनाच्या रात्री तोच बोळ तुंबतो. बारीक भोकांचं तसंच. पिस्टन वेगाने आला की तेलाला निघायला वाट मिळत नाही आणि शॉक क्षणभर दगड होतो. मोठ्या उडीवर हे हवंच, नाहीतर चॅसिस जमिनीवर आपटते. पण खाचखळग्यांच्या ट्रॅकवर याच कडकपणामुळे चाकं जमीन सोडून नाचू लागतात. शिवाय तेल उन्हाने पातळ होतं. डिसेंबरच्या सकाळी मनासारखी बसवलेली गाडी मे महिन्यातल्या दुपारी ओळख दाखवत नाही.

मोटर आणि बॅटरीबद्दल थोडक्यात. मोटर ब्रशलेस असते. तारेचे वळसे जितके कमी तितकी ती वेगवान. 13.5 वळशांची मर्यादित गटात चालते, खुल्या गटात याच्या निम्म्या वळशांचीही लावतात. तिचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, स्पर गिअरला भिडवताना दातांत वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळायची आणि पट्टी फिरवून काढायची. उरलेली फट पुरते. बॅटरी दोन सेलची लिपो, पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्ट. चार्जिंग चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही, आणि वापरायची नसेल तेव्हा ती सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवायची. मी एक भरलेलीच कपाटात विसरलो, ती पुरीसारखी फुगली.

टायरच्या आत स्पंज असतो आणि ते रिमला फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाने चिकटवतात. मातीचा ट्रॅक पाणी मारून, झाडून तयार करतात. आखाड्याच्या मातीची निगा ज्याने पाहिली आहे त्याला ही मेहनत ओळखीची वाटेल. सुट्या मातीवर उंच काट्यांचे टायर, घट्ट मातीवर आणि कार्पेटवर बारीक काट्यांचे. टायर चुकला तर वर सांगितलेल्या तेलांचा आणि भोकांचा काही उपयोग नाही.

मग सेटअप. गाडी सपाट फळीवर वीतभर उंचीवरून सोडायची आणि ती बसेल तिथे चॅसिसची उंची मोजायची. मातीवर 20 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. चाकांची वरची कड एक-दीड अंश आत झुकलेली, मागची चाकं पुढच्या बाजूने तीन अंश आत वळलेली. मोठे चालक आपली सेटअप शीट उघडपणे छापतात आणि नवशिके ती जशीच्या तशी उतरवतात. हे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचायला बसणं. ती शीट त्या ट्रॅकची, त्या दिवसाच्या उन्हाची आणि त्या माणसाच्या बोटांची असते. किटच्या पुस्तिकेतल्या आकड्यांनी सुरुवात करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

आणि पहिली बॅटरी संपली की बॉडी काढून मोटरच्या शाफ्टवरचा, पिनियनचा ग्रब स्क्रू तपासा. बाकी पुष्कळ काही सैल चालेल, तो चालणार नाही. आटे धरून ठेवणारा निळा थ्रेडलॉक लावायचा राहिला असेल, तर तो सुटायला लागलेला असतो.