‘क्रांतिकारी’ कांदाचाळ आणि प्रेसनोटमधले पोकळ शब्द

मागच्या महिन्यात मामेभावाचा मेसेज आला. “ताई, प्रेसनोट लिहिलीय. जरा नजर टाक ना, उद्या पेपरांना पाठवायचीय.” तो निफाडकडे कांदाचाळीत बसवायचं एक यंत्र विकतो. पहिलंच वाक्य असं: ‘कांदा साठवणुकीच्या क्षेत्रात क्रांती घडवणारे, अत्याधुनिक, एआय-आधारित स्मार्ट सोल्यूशन सादर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे.’

फोन करून विचारलं, “पण ते यंत्र करतं काय?”

“चाळीतला ओलावा वाढला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो.”

“मग हेच लिही की!”

“इतकं साधं कोण छापणार?”

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्यावर संशोधन काय सांगतं ते बघू.

आधी कबुली: असे शब्द कधीकधी चालतात, आणि जोरात चालतात. मायकेल कूपर आणि सहकाऱ्यांचा २००१चा एक अभ्यास आहे. ज्या कंपन्यांनी आपल्या नावात ‘डॉट कॉम’ आणल्याचं जाहीर केलं, त्यांचा शेअर घोषणेच्या आसपासच्या १० दिवसांत अपेक्षेपेक्षा साधारण ७४ टक्के जास्त वाढला. कंपनीचा इंटरनेटशी खरा संबंध किती, याने फारसा फरक पडला नाही! डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेतल्या लाँग आयलंड आइस्ड टी या शीतपेयांच्या कंपनीने ‘लाँग ब्लॉकचेन’ असं नाव घेतल्याचं जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला. पुढच्याच वर्षी नॅसडॅकने तिला यादीतून काढलं. मधल्या काळात ज्यांनी चढ्या भावाने शेअर घेतले, त्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

दुसरा अभ्यास थेट प्रेसनोटांवर आहे. पेट्रॉक सम्नर यांच्या गटाने २०१४मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोटा तपासल्या. विषय आरोग्याचा होता, धंद्याचा नाही, हे लक्षात ठेवू. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रेसनोटने माणसांना लावला असेल, तर ८६ टक्के बातम्यांत तीच अतिशयोक्ती होती. प्रेसनोट संयमी असेल, तर फक्त १० टक्के बातम्यांत. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण बातमीतला फुगवटा बऱ्याचदा प्रेसनोटमध्येच असतो, एवढं दिसतं. आणि फुगवलेल्या प्रेसनोटांना जास्त प्रसिद्धी मिळाली, असा ठोस पुरावा सापडला नाही.

मग पोकळ शब्द ओळखायचा कसा? मी एक सोपी युक्ती वापरते: वाक्य उलटं करून बघा. ‘आमचं यंत्र मागासलेलं आहे’ असं कुणी लिहील का? नाही ना? म्हणजे ‘अत्याधुनिक’ने काहीच सांगितलं नाही. ‘ओलावा वाढला की मेसेज येतो’ हे मात्र खोटं ठरू शकतं. शेतकरी चाळीत उभा राहून ते तपासू शकतो. म्हणूनच त्याला अर्थ आहे.

आम्ही एकेक विशेषण काढत गेलो. ‘एआय’ही गेलं, कारण ओलावा ठरावीक आकड्याच्या वर गेला की मेसेज, एवढंच तर होतं. शेवटी मी विचारलं, “कांदा किती वाचला?” तो गप्प. तीन चाळींत एक हंगाम यंत्र चाललं होतं, पण सडलेला कांदा कुणी वजन करून बघितलाच नव्हता. ‘क्रांतिकारी’ या शब्दाखाली ही उणीव त्याच्या स्वतःच्याही लक्षात आली नव्हती.

नवी प्रेसनोट पाच वाक्यांची झाली. यंत्र काय करतं, किंमत किती, कुठे बसवलंय, आणि नुकसान किती घटतं ते यंदा मोजणार आहोत, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. एका पेपरने आतल्या पानावर छापली. संध्याकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला, “चाळीत रेंज नसली तर मेसेज कसा येणार?”

भाऊ आता त्यावर काम करतोय.