तीही बाळंतीणच

बाळ पोटात दगावले किंवा जन्मून काही दिवसांत गेले, तरी बाई बाळंतीणच असते. अंगावरून जाते, टाके दुखतात, कंबर धरते. घरात मात्र शेकशेगडी होत नाही, डिंकाचे लाडू वळले जात नाहीत. बाळ नाही म्हणजे बाळंतपणही नाही, असे नकळत धरले जाते. अशा घराला आधार द्यायचा तर आधी ही समजूत सोडावी लागते.

सगळ्यात जीवघेणा असतो पान्हा. दिवस बरेच भरलेले असतील तर दोन-चार दिवसांत दूध येतेच, आणि बहुतेकींना ते येईल असे कोणी सांगितलेलेही नसते. छाती घट्ट बांधायची जुनी रीत आहे. तसे बांधल्याने गाठी होऊन ताप येऊ शकतो. थंड पट्ट्या ठेवाव्यात, फारच ताण आला तर बरे वाटेल इतकेच दूध काढावे. दूध आटवण्याची गोळी असते, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ती धोक्याची. म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. काही आयांना आपले दूध दुसऱ्या कोवळ्या बाळाच्या पोटी जावे असे वाटते. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून दुग्धपेढी आहे. जवळपास अशी पेढी असेल तर तिथे चौकशी करता येते.

महाराष्ट्रात अनेक घरांत तान्ह्या बाळाला अग्नी न देता पुरतात. आई वॉर्डात असतानाच पुरुषमाणसे ते उरकून येतात. ‘बघितलंस तर विसरणं जड जाईल,’ हे मायेनेच म्हटले जाते. पण निर्णय तिचा असायला हवा. कोणाला बाळ मांडीवर घ्यायचे असते, नाव ठेवायचे असते, कोणाला पाहवत नाही. सकाळी नको म्हणणारी संध्याकाळी हो म्हणते, म्हणून पुन्हा विचारावे. बाळाचे गाठोडे हातात घेऊन जाणाऱ्या बापाला ‘तिला सांभाळ’ एवढेच सगळे सांगतात. त्याची विचारपूस कोणी करत नाही.

पपई खाल्ली, जड उचलले, जिना चढली, असे दोष बाईच्या माथी येतात. सुरुवातीच्या महिन्यांतले बरेच गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात. तिथे तिची काही चूक नसते. हे डॉक्टरांनी सासूसमोर, नवऱ्यासमोर सांगितले तर फार फरक पडतो.

घरात मानले नाही, तरी कायद्याने तिला बाळंतीण मानले आहे. मातृत्व लाभाच्या कायद्यात सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच्या गर्भपाताला ६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यानंतर मृत बाळ जन्मले तरी ती प्रसूतीच. केंद्र सरकारी नोकरीतील स्त्रियांना २०२२ च्या आदेशाने ६० दिवसांची विशेष रजा मिळते. पण ऊस तोडणारीची रजा म्हणजे बुडालेली मजुरी.

भेटायला येणाऱ्यांनी ‘होईल दुसरं’ म्हणू नये. बाळाचे नाव ठेवले असेल तर ते घ्यावे. झबली, पाळणा तिला न विचारता हलवू नयेत. झोप, भूक उडालेलीच राहिली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. नात्यात डोहाळजेवण निघाले की तिला वगळू नये; बोलवावे, यायचे की नाही ते तिला ठरवू द्यावे. डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख उजाडते, तोवर भेटणारे पांगलेले असतात. त्या दिवशी कोणीतरी तिच्याकडे जाऊन बसावे.