मुळशी धरण
मुळशी धरण : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात मुळा नदीवर जलविद्युत् निर्मितीसाठी टाटा कंपनीने बांधलेले दगडी धरण व त्याचा जलाशय. धरणाची उंची सु. ४९ मी. व लांबी सु. १,५३३ मी. असून जलाशयात सु. ५२ कोटी घ. मी. पाणी साठते. मुंबईच्या गिरण्या व रेल्वे यांच्यासाठी उभारलेल्या खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) या केंद्रांनंतरची ही तिसरी योजना १९२७ मध्ये कार्यान्वित झाली.

मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. पुण्यात मुठेला मिळून ती येरवड्यावरून भीमेकडे जाते. तथापि धरणात अडविलेले पाणी बोगद्यातून व पोलादी नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडले जाते. सु. ५०० मी. खोल पडणाऱ्या या पाण्याच्या झोताने पेल्टन चक्रे फिरतात. प्रवाह बेताचा असूनही पात मोठा असल्याने एक घ. मी. पाण्यापासून, घट वजा जाता, सु. सव्वा युनिट वीज मिळते. हे पाणी पुढे कुंडलिका नदीत जाते व कोकणात सिंचन आणि उद्योग यांस उपयोगी पडते. भीमेच्या खोऱ्याला मात्र ते अंतरते. कृष्णा पाणी तंटा लवादापुढे पश्चिमेकडे वळविलेल्या अशा पाण्याचा प्रश्न आला, तो यामुळेच. भिरा येथे पुढे उदंचन संचही बसविण्यात आला. मागणी कमी असताना पाणी वर चढवून ठेवणे, हे त्याचे कार्य.

जलाशयाखाली मावळातील पन्नासांहून अधिक गावांची भातखाचरे जाणार होती. जमिनी संपादन होण्यापूर्वीच खोदकाम सुरू झाल्याने १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रहास आरंभ झाला. पां. म. (सेनापती) बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. जमिनींचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांतील अनेक सावकार-जमीनदार नुकसानभरपाईच्या तडजोडीस अनुकूल झाले. कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. ही फूट चळवळीच्या अपयशाचे महत्त्वाचे कारण मानावी लागते. अनेक सत्याग्रही येरवडा कारागृहात होते. काम नाकारल्यावरून त्यांच्यापैकी काहींना तेथे फटक्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्याच कारागृहात असलेल्या म. गांधींनी हा प्रश्न अधिकाऱ्यांपुढे मांडला. १९२४ मध्ये बापटांना पुन्हा शिक्षा झाली आणि लढा ओसरला. उत्तरकालीन धरणग्रस्तांच्या चळवळींत या सत्याग्रहाचा उल्लेख वारंवार येतो.