आजींची डुलकी

७ डिसेंबर २००७ ची संध्याकाळ. जपानमधल्या आईची प्रांतातलं ओबू शहर. डे-केअरमधून घरी आलेले, स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांनी लघवी केलेला पुठ्ठ्याचा खोका सून बाहेर आवरत होती. ८५ वर्षांच्या आजींना डुलकी लागली, आणि तेवढ्यात आजोबा निघाले. दाराला कुणी आलं-गेलं की वाजणारी घंटी होती, पण तिचं बटण बंद! खिशात पैसे नसताना ते रेल्वेने एक स्टेशन पुढे क्योवाला पोचले, रुळांवर उतरले आणि गाडीखाली गेले.

गाड्या खोळंबल्या, प्रवाशांची पर्यायी सोय करावी लागली. जेआर तोकाई या रेल्वे कंपनीने घरच्यांकडे सुमारे ७२ लाख येन मागितले. जपानी दिवाणी संहितेच्या कलम ७१३ नुसार भान हरपलेला माणूस नुकसानीला जबाबदार नसतो. पण लगेच पुढचं, ७१४ वं कलम ती जबाबदारी त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्यावर टाकतं. म्हणजे कुणावर?

ऑगस्ट २०१३ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने सगळी रक्कम आजी आणि थोरल्या मुलाच्या माथी मारली. मुलगा योकोहामाला, वीसेक वर्षं वेगळा राहणारा. पण वडिलांची व्यवस्था ठरवण्यात पुढाकार त्याचा, बायकोलाही त्याने सासऱ्यांसाठी ओबूत ठेवलेलं. तेच अंगाशी आलं. बाकीची भावंडं सुटली. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मुलाला मोकळं केलं, आजींना मात्र निम्मी रक्कम भरायला सांगितली. स्वतः आजींनाच तेव्हा आधार लागत होता!

१ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. नवरा-बायकोचं नातं आहे एवढ्यावरून कुणी कायदेशीर देखरेखदार ठरत नाही, असं म्हटलं. निकाल माणुसकीचा, पण त्यात एक मेख राहिलीच: प्रत्यक्ष देखरेख अंगावर घेतलेली व्यक्ती विशेष परिस्थितीत जबाबदार धरली जाऊ शकते. म्हणजे जो जास्त करेल, तोच अडकण्याची भीती. शिवाय यात नुकसान एका बलाढ्य कंपनीचं होतं. उद्या अशा रुग्णामुळे एखादा सायकलवाला जखमी झाला, तर त्याने कुणाकडे बघायचं?

त्याचं उत्तर कोर्टाबाहेर शोधलं गेलं. २०१७ मध्ये कानागावातल्या यामातो शहराने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा विमा स्वतः उतरवला. २०१९ मध्ये कोबे शहराने त्यापुढे जाऊन, घरचे कायद्याने जबाबदार ठरोत न ठरोत, नुकसान झालेल्याला मदत द्यायची सोय केली. त्यासाठी तिथल्या करदात्यावर वर्षाला ४०० येनांचा जादा कर बसवला.